गोविंदा पलटणची बंदूक

आसेगावच्या थांब्यावर उतरून ‘गोविंदा अंभोरे कुठं राहतात’ असं विचारलंत, तर चहावाला डोकं खाजवील. ‘पलटण कुठं राहते’ म्हणा. तोच माणूस चहा गाळता गाळता पत्ता सांगेल आणि वर मिशीतल्या मिशीत हसेल. त्या हसण्याचं कारण गोविंदाच्या बैठकीच्या भिंतीवर चाळीस वर्षं दोन खिळ्यांना टांगलेलं होतं.

गोविंदा मंगरूळपीरला सरकारी कचेरीत शिपाई होता. एकतीस वर्षं साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसला. फायली आतून बाहेर आणि बातम्या बाहेरून आत पोचवल्या, आणि खरं सांगायचं तर फायलींपेक्षा बातम्या वेळेवर पोचल्या. निवृत्त झाला तेव्हा शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ वर्षभरात बंद पडलं, गोविंदाचं तोंड मात्र चालूच राहिलं.

“शिपाईगिरी आमच्या रक्तातच हाय,” तो थांब्यावर बसून सांगायचा. “माह्या आज्याचा आजा कंपनीच्या पलटणीत शिपाई. मी कचेरीत शिपाई. फरक काय तो स्टुलाचा.”

आणि मग बंदूक निघायची. म्हणजे बंदुकीची गोष्ट. प्रत्यक्षात भिंतीवर होती ती चार फुटांची लोखंडी नळी. लाकूड नाही, घोडा नाही, चाप नाही. पण गोविंदाच्या तोंडी ती पूर्ण बंदूक होती, संगिनीसकट. गोष्ट दर वर्षी थोडी वाढायची. पहिल्या वर्षी आज्याच्या आज्यानं त्या बंदुकीनं शंभर पावलांवरचा शत्रू टिपला होता. गोविंदाला नातू झाला तोवर अंतर पाचशे पावलांवर गेलं, आणि शत्रूच्या जोडीला एक वाघही आला. दर वर्षी बाबासाहेबांच्या जयंतीच्या आधी गोविंदा नळीला काळा ऑइलपेंट द्यायचा, हार घालायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात लावू द्यायचा नाही.

नळी त्याला सापडली कशी, तेही ऐकून ठेवा. त्याचा आजा म्हातारपणी एकच वाक्य घोकत असे, “आपल्या घरात पलटणीच्या बंदुकीची नळी हाय, जतन करजा.” कुठं आहे ते काही त्यानं सांगितलं नाही, आणि एक दिवस तसाच गेला. गोविंदा तेव्हा पंचविशीतला. पुरुषमाणसाला घरातली वस्तू शोधायला सांगितली की तो आधी माळ्यावर चढतो. गोविंदाही चढला. तिथं घोंगड्यांच्या मागं ही लांबलचक नळी धूळ खात पडलेली. झालं! उतरताना शिडीवरूनच त्यानं आरोळी ठोकली, आणि त्या दिवसापासून गावानं त्याला ‘पलटण’ करून टाकलं.

यंदा मात्र गोष्टीला कसोटी लागायची वेळ आली. जयंतीच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जुन्या पलटणीचा देखावा करायचं ठरलं. पोरं शिपायांच्या वेषात उभी राहणार आणि सगळ्यांच्या पुढं खरी बंदूक धरून, लाल कोट घालून, खुद्द गोविंदा. कोट त्यानं मंगरूळपीरच्या शिंप्याकडून शिवून आणलासुद्धा. शिंप्यानं जन्मभर बँडवाल्यांचे कोट शिवले होते, त्यामुळं खांद्यावर सोनेरी झालर आलीच. गोविंदा तो घालून आरशापुढं उभा राहिला तेव्हा त्याची बायको चंपाबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, “वाजवा मंग काईतरी. वरात कवा निघते?”

अडचण होती ती संघदीपची. संघदीप गोविंदाचा पुतण्या, शाळेत इतिहासाचा मास्तर आणि जयंती समितीचा सचिव. माणूस इतका पुराव्याचा, की आज मंगळवार आहे म्हटलं तरी कॅलेंडर पाहील. त्यानं बैठकीत सगळ्यांसमोर सांगून टाकलं, “मोठेबाबा, बंदूक खरी असन तरच ट्रॉलीवर. नाईतर लाकडाची ठेवू, अन् खाली पाटीवर लिहू, लाकडाची.”

“चाळीस वर्सं सारं गाव पाहून राह्यलं,” गोविंदा म्हणाला.

“गाव पाहून राह्यलं. कोनी मोजली का?”

गोविंदानं मांडीवर थाप मारली. आणि बोलून बसला, “मोज. ऐतवारी ये. खोटी निंघाली तर हा गोविंदा पुन्हा थांब्यावर तोंड उघडनार नाई.” बाकी काहीही सोडलं असतं त्यानं. चहा, तंबाखू, झालरीचा कोट. पण तोंड बंद ठेवून थांब्यावर बसायचं म्हणजे बसायचंच कशाला?

रविवारी सकाळी संघदीप आला, शाळेच्या प्रयोगशाळेतलं व्हर्नियर खिशात घालून. सोबत उदयसिंग राठोड. हा नाल्यापलीकडच्या तांड्यावरचा, गोविंदाचा लहानपणापासूनचा मित्र, म्हणजेच त्याच्या गोष्टींचा सगळ्यात जुना वैरी. रानडुकरांसाठी उदयसिंगकडं परवान्याची भरमार होती, तोंडातून दारू ठासून भरायची जुन्या चालीची बंदूक. त्यामुळं बंदुकीतला जाणकार म्हणून समितीनंच त्याला बोलावलं होतं.

“तुह्या पलटणीचं मले नोको सांगू, गोइंदा,” ओसरीवर टेकत उदयसिंग म्हणाला. “माह्या बापजाद्याइनं बैलावर दाना लादून फौजाइले पुरवला. उपाशी पलटण बंदूक उचलते का बे?”

“तू चहा पी अन् चूप बस,” गोविंदा म्हणाला.

संघदीपनं आधी धडा घेतला. मास्तरच तो. म्हणाला, कंपनीच्या शिपायाकडं असायची ती चकमकीची बंदूक. गोऱ्यांनी तिला लाडानं ‘ब्राऊन बेस’ म्हटलं. का म्हटलं ते नक्की कोणालाच माहीत नाही. कोणी म्हणतं नळीचा रंग तपकिरी म्हणून, कोणी म्हणतं लाकडाचा.

“बेस म्हंजे?” उदयसिंगनं विचारलं.

“बाईचं नाव हाय तिकडचं.”

“बाईचं!” स्वयंपाकघराच्या दारातून चंपाबाई. “म्हंजे चाळीस वर्सं माह्या डोळ्यादेखत भिताडावर सवत टांगून ठेवली होती का!”

संघदीप हसला आणि पुढं गेला. शंभराहून जास्त वर्षं गोऱ्यांच्या फौजेत हीच एक ठेवण चालली. कंपनीनं आपल्याकडच्या पलटणींसाठी नळी थोडी आखूड केली, घडणावळ सोपी केली. ती इतकी सोयीची निघाली, की पुढं लढाई अंगावर आल्यावर गोऱ्या सरकारनं स्वतःच्या फौजेसाठीही तीच उचलली. शिपाई कागदाचं काडतूस दातानं फोडायचा. चिमूटभर दारू बाजूच्या पेल्यात, बाकीची नळीत. वर गोळी. मग गजानं ठासायचं. चाप ओढला की चकमकीचा दगड पोलादावर आपटायचा, ठिणगी पेल्यात पडायची आणि नळीच्या बुडाशी एक बारीक भोक असायचं, त्यातून आग आत शिरायची. “त्या भोकाले कान म्हनतात,” संघदीप म्हणाला. “कान नाई तर बंदूक नाई. शिकलेला शिपाई मिनिटाले तीन बार काढे.”

“अन् नेम?” गोविंदानं छाती पुढं काढली. “पाचशे पावलं!”

“मोठेबाबा, शंभर पावलांवर म्हैस उभी असली तरी लागन का नाई सांगता येत नसे. म्हनून तर खांद्याले खांदा लावून शंभर शंभर शिपाई एकदम बार काढत. कोनाची ना कोनाची लागे.”

“म्हंजे घरच्यावानीच,” दारातून पुन्हा आवाज आला. “आवाज लय. लागत काईच नाई.”

उदयसिंगला चहाचा ठसका लागला.

नळी खाली उतरवली. संघदीपनं टेप लावला, लांबी जास्त भरली म्हणून नकारार्थी मान हलवली, बुडाशी कान शोधला. कान नव्हता. “रंगानं बुजला असन,” गोविंदा म्हणाला. चाळीस वर्षांचे चाळीस थर होते, तेव्हा ते अशक्य नव्हतं. उदयसिंगनं खिशातली मोटारसायकलची किल्ली काढली आणि खरवडायला सुरुवात केली. काळ्या रंगाचे पापुद्रे पडत गेले. खालून लोखंड निघालं, पण काळं नव्हे, तपकिरीही नव्हे. पांढुरकं, जस्ताचा मुलामा दिलेलं. आणखी थोडं खरवडल्यावर अक्षरं उमटली. उदयसिंगनं थुंकी लावून बोटानं पुसलं, डोळे बारीक केले आणि इतक्या गंभीर आवाजात वाचलं, की बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलेल्या मेणबत्तीचीही हसून वात हलावी.

“आय. एस. आय.”

गोविंदानं स्वतः अक्षरांवरून बोट फिरवून पाहिलं.

“कंपनी सरकार लय पुढचं होतं म्हना,” उदयसिंग म्हणाला. “मार्क पाहूनच माल घेत होतं!”

मग त्यालाच आठवलं. बहात्तरच्या दुष्काळात गावात बोअर मारायला माणसं आली होती ती गोविंदाच्याच घरी उतरली होती. महिनाभर राहिली, भाकरी खाल्ल्या आणि जाताना उरलेला एक पाईप माळ्यावर टाकून गेली. “अबे गोइंदा, आपल्या हापशीचा पाईप हाय हा! तू हापशीले हार घालून राह्यला चाळीस वर्सं!” पाईपाच्या टोकाला बाहेरून आटेही होते. गोविंदा इतकी वर्षं लोकांना सांगत आला होता, की संगीन तिथंच बसायची.

संघदीपनं व्हर्नियर खिशात घातलं. पोरगा चांगला, टोमणा मारला नाही. “लाकडाची करून घेतो, मोठेबाबा,” एवढंच म्हणाला आणि निघाला. उदयसिंगही निघाला, पण त्याच्या चालीतच दिसत होतं की तो घरी जात नाही, थांब्यावर जातोय.

गोविंदाला ओसरीवर बसवेना. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण हसतोय असं वाटायला लागलं. बैठकीत बसवेना, तिथं दोन मोकळे खिळे होते. मग लग्नाला बेचाळीस वर्षं झालेला हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसला.

घरात गॅस होता. लेक रूपानं, ती अकोल्याला असते, हट्टानं आणून दिलेला. पण चंपाबाई त्यावर फक्त चहा करी. भाकर चुलीचीच. तिनं नवऱ्याकडं एकदा पाहिलं, परातीत पीठ मळत राहिली. चूल धुपत होती.

“आता मी थांब्यावर जात नाई,” थोड्या वेळानं गोविंदा म्हणाला.

“बरं हाय. दळन आनत जा.”

“तुले गंमत सुचून राह्यली. माही जबान गेली.”

“जबान हाय ना. पाईप गेला.” चंपाबाईनं पिठाचे हात वर केले. “बसलेच हा तर फुका जराशी. माहे हात भरले.”

आणि तिनं कोपरानं फुंकणी त्याच्याकडं सरकवली.

या घराची फुंकणी गावात प्रसिद्ध होती. इतर घरांच्या फुंकण्या चिमट्याएवढ्या हलक्या. ही दीड हात लांबीची आणि वजनाला दीड-पावणेदोन किलो. अंभोऱ्यांच्या सुना मनगटानं दांडग्या का, याचं उत्तर बायका त्या फुंकणीकडं बोट दाखवून देत. चंपाबाईनं त्याच फुंकणीनं लसूण ठेचला होता, कुत्री हाकलली होती, एकदा साप मारला होता. गोविंदानं ती उचलली, तोंडाला लावली आणि गाल फुगवून फुंकली. विस्तव काही पेटला नाही. हवा मात्र तोंडाशेजारूनच फुर्रकन निघाली आणि आतली बेचाळीस वर्षांची काजळी त्याच्या मिशीवर आणि डाव्या डोळ्यात बसली.

“आंगठा!” चंपाबाई ओरडली. “आंगठा दाबा ना तिथं!”

“कुठं?” डोळा चोळत गोविंदा.

“भोक नाई का बाजूले? त्याच्यावर आंगठा दाबून फुकाची. एवढंबी माहीत नाई घरातलं.”

“भोक काहून हाय फुंकणीले?”

“मले काय माहीत? आत्याबाईनं सांगतलं, भोकावर आंगठा ठेवजो. त्याइले त्याइच्या सासूनं सांगतलं. लोहार एकदा म्हने बुजवून देतो, तर आत्याबाई त्याच्यावर धावून गेल्या. म्हने हे जुनं हाय, भोक बुजवायचं नाई.” आत्याबाई म्हणजे भागिरथाबाई, गोविंदाची आई.

गोविंदाचा एक डोळा मिटलेला होता. उघड्या डोळ्यानं त्यानं फुंकणी उजेडाकडं धरली. तोंड लावतात त्या टोकापासून दोन बोटांवर, बाजूला, एक बारीक भोक होतं. त्याच्याभोवती लोखंड गुळगुळीत झालं होतं, चार पिढ्यांच्या अंगठ्यांनी. त्यानं नळीच्या आत पाहिलं. बुडाशी आतून आटे होते. एक टोक जाड, दुसरं कापलेलं, जरा निमुळतं.

घरातल्या पुरुषांकडं गोष्ट होती आणि बायकांकडं वस्तू. दोघांनी एकमेकांना कधी काही विचारलं नव्हतं.

“चंपे,” गोविंदा म्हणाला. बेचाळीस वर्षांत त्यानं तिला अशी नावानं हाक मारलेली नव्हती. “हा कान हाय.”

“कोनाचा?”

पण तो उठला होता. पाट उलटला, पाण्याचा तांब्या कलंडला, आणि गोविंदा पलटण मिशीवर काजळी, एक डोळा लाल, हातात फुंकणी अशा अवतारात भर अकरा वाजता थांब्याकडं पळत सुटला.

तिथं उदयसिंग ‘आय. एस. आय.’ तिसऱ्यांदा सांगत होता आणि श्रोते तिसऱ्यांदा हसत होते. संघदीप रंगाच्या डब्याची वाट पाहत बाकावर बसला होता.

“मोज!” गोविंदानं फुंकणी त्याच्या मांडीवर आदळली.

“अरे बापा, आता चूल घेऊन येशीन,” उदयसिंग म्हणाला. पण म्हणता म्हणता त्याची नजर भोकावर गेली आणि तोंड उघडंच राहिलं. भरमारवाला माणूस तो. त्यानं फुंकणी स्वतः उचलली, खालून वरून पाहिली, करंगळी आत घालून आटे चाचपले. “संघदीप,” तो हळूच म्हणाला, “नळीचं बूड बंद करायचं बूच इथून काढलं हाय रे.”

संघदीपनं व्हर्नियर काढलं. वाचताना आवाज मास्तरचाच. “पाऊन इंच. ब्राऊन बेसच्या नळीचं तोंड एवढंच असे. जराशी झिजली हाय.” एकदा वाचून समाधान होईना म्हणून तीनदा मोजलं. भजीवाल्यानं अर्धं लिंबू दिलं, चुलीतली राख दिली. दहा जणांनी वाकून पाहिलं आणि संघदीपनं भोकाच्या वरची जागा घासून काढली. काजळीखालून एक अर्धवट झिजलेला ठसा निघाला. वरचा भाग गोऱ्या सरकारच्या मुकुटासारखा. खाली काय होतं ते अंगठ्यांनी खाऊन टाकलं होतं.

“तुमच्या आज्याचा आजा पलटणीत होता, याचा पुरावा नाई,” संघदीप शेवटी म्हणाला. “अशा बंदुका मोडीत निंघाल्या, नळ्या लोहारायकडं गेल्या. कोनाकडून कशी आली देव जाने.” बौद्धाच्या पोराच्या तोंडून देव निघाला, यावरून तो किती हलला होता ते समजा. “पन नळी ब्राऊन बेसची हाय. बहुतेक.”

“बहुतेक काहून?”

“मी ‘बहुतेक’ लिहीनच, मोठेबाबा.”

“बारीक अक्षरात लिही मंग.”

तेवढ्यात रस्त्यावरून चंपाबाई येताना दिसली. हात कोपरापर्यंत पिठाचे, पदर खोचलेला. “भाकर तव्यावर जयून राह्यली अन् तुमी फुंकनी घेऊन गावात मिरवून राह्यले? द्या इकडं!”

“वयनी, ते फुंकनी नोहे,” उदयसिंगनं हात जोडले. “ते बंदूक हाय. तुमी इतके वर्सं बंदुकीनं भाकर भाजली.”

तिला सगळं समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ती बाकावर बसली, आणि मग तिनं नवऱ्याकडं असं पाहिलं की गोविंदानं आपणहून मिशी पुसली. “म्हंजे हापशीच्या पाईपाले दरवर्सी हार,” ती म्हणाली, “अन् पलटणीच्या बंदुकीले माह्या थुका.”

हसण्यात सगळ्यात मोठा आवाज गोविंदाचा होता.

“आता हे ट्रॉलीवर मी धरतो,” गोविंदानं नळीला हात घातला.

“तुमी?” चंपाबाईनं ती आपल्या मांडीवर ओढली. “जपली कोनं? आंगठा कोनाचा झिजला? तुमी कोट घाला अन् पुढं चाला. बँड पुढंच असते.”

यावर मास्तरनंही पुरावा मागितला नाही.

जयंतीला ट्रॉली निघाली तेव्हा समोर पांढऱ्या साडीत चंपाबाई बसली होती, मांडीवर नळी. खाली पाटी होती, ‘ब्राऊन बेस बंदुकीची नळी. जपणूक : भागिरथाबाई व चंपाबाई अंभोरे.’ कोपऱ्यात, बारीक अक्षरात, ‘बहुतेक’. फोटोवाला ओरडला, “काकू, बंदुकीवानी धरा!” तिनं धरली, पण चुलीपुढं धरायची तशीच, अंगठा भोकावर. ट्रॉलीपुढं लाल कोट घातलेला गोविंदा झालर उडवत चालत होता, आणि बाजूनं उदयसिंग दर चौकात ओरडत होता, “पलटण, पाय उचल!”

पुढं नळी शाळेत काचेच्या पेटीत गेली. चंपाबाईनं ती सहज नाही दिली. चूल काय तुमच्या पाटीनं फुंकू का, म्हणाली. शेवटी गोविंदानं हापशीचा पाईप लोहाराकडं नेला, दीड हात कापला आणि स्वयंपाकघरात आणून ठेवला. आता ती त्यानंच फुंकते. छान हलका आहे, हवा कुठूनही निघत नाही, आणि एका बाजूला आय. एस. आय. मार्कही आहे.

तरी फुंकताना तिचा अंगठा आपोआप बाजूला जातो आणि नसलेलं भोक दाबून धरतो. गोविंदा हल्ली भाकर होईस्तोवर तिथंच पाटावर बसतो आणि ते पाहतो. मग थांब्यावर जाऊन सांगतो. परवा त्याच्या गोष्टीत त्या फुंकणीनं मारलेला साप दहा फुटांचा झाला होता.